पान एकशेबारावरची दारं

आधी माझं दार परत कर, मग तुझी खुशाली विचारते.

चिरंजीव धाकट्या भावास थोरलीचे आशीर्वाद. पडसं गेलं नसेल तर वाफ घे. पूर्वेकडचा समाज आणि पश्चिमेकडचा समाज यांच्या तुलनेचं तुझं जाडजूड पुस्तक पोचलं. मला जोडाक्षरं अडतात, म्हणून माझा मुलगा (तुझा भाचा, पोस्टातला, छापलेलं दिसलं की हात जोडणारा) रोज मोठ्याने वाचतो. पान एकशेबारावर तू लिहिलंस, की पूर्वेकडच्या घरात आतल्या खोल्यांना दारं नसतात, कारण इथल्या माणसाला एकांत नकोच असतो. म्हाताऱ्यांना तर मुळीच नको.

अरे शहाण्या, हे पाहिलंस कुठे? माझ्याच घरी ना? तू पंधरा दिवस वही घेऊन राहिलास तेव्हा आमची दारं सुताराकडे गेली होती, वाळवी लागली म्हणून! (सुतार वेळेवर आला असता तर तुझी अख्खी पूर्व वेगळी झाली असती.) आणि पश्चिमेकडचा माणूस दार लावून एकटा बसतो म्हणे. तूच पत्रात कळवलं होतंस, की तुझं पहाटेचं गाणं सुरू झालं की तिकडची घरमालकीण धाडकन दार लावते. तुझं गाणं मी ऐकलंय. मी खिडक्याही लावल्या असत्या.

पण भाच्याने मनावर घेतलं. "मामा काय उगाच लिहितील?" म्हणत माझ्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट उतरवलं. आता आत सुनेचं शिवणयंत्र आलं, तीन नातवंडं आली, जावयाची सायकल आली. मी कवळी काढली तरी पाच जण बघतात. दार मागितलं तर पोरगा म्हणतो, "आई, तुझ्यावर पश्चिमेचा परिणाम झालाय." मी अजून नाक्यापलीकडे गेले नाही रे!

तेव्हा चुकलं म्हणून त्याला कळव. छापून कळव, हाताने लिहिलेलं तो मानत नाही.

ता.क. दुसऱ्या भागासाठी पुन्हा राहायला येतोयस म्हणे. ये. माझ्याच खोलीत झोपायचं, रीत तुझीच आहे. मी घोरते, आणि सायकलची घंटी नातू वाजवतो.

आणखी एक. तू लिहायला बसतोस त्या खोलीला आतून कडी आहे की नाही? याचं उत्तर तू द्यायचं नाहीस. तुझ्या बायकोने द्यायचं.