सेव्ह न केलेली अडतीस पानं

६ जानेवारी २०२५, सोमवार

पाचही मशीन उठत नाहीत. शनिवारी दुपारी सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं, सगळं नीट झाल्याचा मेसेज आला, मी घरी गेले. आज दहाला प्रेस उघडला तर पाचांवरही तीच लाल पट्टी — थांबवलेली स्थिती परत आणता येत नाही.

ही मशीन म्हणजे खरे डबे नव्हेत. एका नव्या सर्व्हरच्या पोटात आम्ही पाच जुने कॉम्प्युटर चालवतो. आमचं जुनं मराठी टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालतच नाही, म्हणून. संध्याकाळी बंद करायचे नाहीत, नुसते थांबवायचे. सकाळी जिथे होते तिथून पुढे. ही सोय मीच आणली या प्रेसमध्ये. गिरगावात आमच्याकडेच आहे म्हणून मिरवलेही.

मालक विनीतसर दर दहा मिनिटांनी दारात. "अनुजा, पत्रिका अडकल्यात. काहीही कर, पण चालू कर."

काहीही केलं. थांबवलेली स्थिती टाकून द्यायची आणि मशीन नव्याने सुरू करायचं — एक बटण. नक्की का, असं त्याने पाचही वेळा विचारलं. पाचही वेळा हो म्हटलं. साडेअकराला सगळे कामाला लागले.

आमचे जुने टाइपसेटर रघुवीरकाका सोडून. ते स्क्रीनकडे बघत बसले होते.

७ जानेवारी

अडतीस पानं गेली.

काका गंगाधर गुरुजींचा मालवणी शब्दकोश लावतायत. गुरुजी कुडाळला असतात, वय चौऱ्याऐंशी. रोज दुपारी फोन करतात, एकेक शब्द सांगतात, अर्थ सांगतात, कुठल्या गावात कसा म्हणतात तेही. काका फोन खांद्याला लावून थेट मशीनवर उतरवतात. कागदावर काही नाही. आणि सेव्ह केलं की ते जुनं सॉफ्टवेअर मोठ्या फाइलला पाच-पाच मिनिटं गोठतं. गुरुजी तिकडे ताटकळतात. डिसेंबरच्या मध्यात काकांनी मला विचारलं होतं, काय करू? मी म्हटलं, "काका, सेव्हचं राहू द्या. नुसतं थांबवा. जसंच्या तसं मिळेल."

तीन आठवडे जसंच्या तसं मिळत होतं.

काल सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "माझी पाना खंय गेली गो?" आणि मी काय म्हणाले? "काका, तुम्ही सेव्ह केलं नव्हतं का?"

काका हळूच म्हणाले, "मीच इसारलंय. दुसरा काय."

विनीतसर म्हणाले, "जाऊ दे, वय झालं त्यांचं." मी मान हलवली. हलवली मी मान.

९ जानेवारी

आज अपग्रेडसोबत आलेली सूचना वाचली. आधी वाचायची असते ती. पहिलीच ओळ — अपग्रेडपूर्वी सर्व मशीन पूर्ण बंद करावीत, थांबवलेल्या स्थितीत ठेवू नयेत.

खाली दुसरं पान. मशीन उठत नसेल तर सर्व्हरचं जुनं सॉफ्टवेअर परत टाका, त्यावर मशीन उठवा, काम सेव्ह करून नीट बंद करा, मग पुन्हा अपग्रेड करा. तासाभराचं काम.

म्हणजे सोमवारी सकाळी पानं होती. मी बटण दाबेपर्यंत होती. बॅकअपमध्येही शोधलं, त्यात फक्त सेव्ह केलेलं येतं.

१३ जानेवारी

काकांनी कीबोर्डला चिठ्ठी चिकटवलीय. 'सेव्ह.' टिफिनच्या डब्यावर दुसरी. 'डबा परत नेणे.' चष्म्याच्या घरात तिसरी. बहात्तर वर्षांच्या माणसाने कधी चष्मा विसरल्याचं मला आठवत नाही.

दुपारी त्यांची मुलगी अक्षता हिचा फोन. "अगं, बाबा घरी सारखे म्हणतात, माझ्या डोक्याचं काहीतरी झालंय. तू बघतेस ना त्यांना रोज? तुला काय वाटतं?"

म्हटलं, "तसं काही जाणवलं नाही."

"एकदा गॅस चालू राहिला होता, पण तो काय माझ्याकडूनही राहतो. पानांचं मात्र फार लागलंय त्यांना. परळला स्मरणशक्तीची तपासणी करतात, अठ्ठावीसची तारीख घेतलीय."

सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं. फोन ठेवला.

१४ जानेवारी

काकांनी तिळगूळ दिला. घेतला.

२० जानेवारी

काका आज मशीनला बसलेच नाहीत. विनीतसरांना म्हणाले, "माका आता फक्त प्रुफा द्या. मशीन नको. आणखी काय तरी घालवीन मी." पस्तीस वर्षं बसलाय हा माणूस या कामाला. शिशाचे खिळे जुळवण्यापासून.

दुपारी गुरुजींचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. काका सांगत होते, "गुरुजी, माझी चूक झाली. पुन्हा सांगूक लागतला."  मग गुरुजी म्हणाले असावेत की त्यांनाही आता सगळं आठवेल असं नाही. काका नुसते हं, हं करत राहिले.

मी उठून जिन्यात जाऊन उभी राहिले. लाज वाटते हे लिहिताना — मला आधी नोकरीच आठवली.

२५ जानेवारी, शनिवार

काळाचौकीला गेले. काकांच्या घरी. अक्षता कामावर होती, ते एकटेच. मला बघून खुर्ची पुसली.

बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. अपग्रेड मी केलं, सूचना वाचली नाही, पानं मी टाकली, तुम्ही काही विसरला नव्हतात, सेव्ह करू नका असं मीच म्हटलं होतं. एका दमात. थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडायला हवे होते.

काका म्हणाले, "म्हणजे माझा डोक्या जाग्यार आसा."

"हो काका."

"तीन आठवडे झोपाक नाय मी. तुका ठावक होता?"

मी रडायला लागले. म्हणाले, "रडा नको. चाय घे आधी." चहा त्यांनीच केला. साखर घातली नव्हती. मी तसाच प्यायले.

निघताना म्हणाले, "ह्या विनीताक सांग. सगळ्यांसमोर सांग. माझ्यासाठी नाय, तुझ्यासाठी."

२७ जानेवारी

सांगितलं. सगळ्यांसमोर. विनीतसर म्हणाले, यापुढे अपग्रेडआधी मला कागद दाखवायचा. बस. काकांच्या पाठीवर हात ठेवून गेले.

काका परत मशीनला बसले. चिठ्ठ्या काढून टाकल्या त्यांनी.

संध्याकाळी अक्षताचा फोन. रागावली आधी. मग स्वतःच हसली. "बाबांनी उद्याची तारीख रद्द केली. म्हणतात, मी ठणठणीत आहे, अनुजानेच सांगितलं. आज गात होते गं, किती दिवसांनी."

झोप लागेल आज.

११ फेब्रुवारी

बावीस पानं पुन्हा झाली. गुरुजींना काही शब्द आठवले नाहीत, काही नवेच आठवले. काका दर अर्ध्या तासाने सेव्ह करतात, मशीन गोठतं, तेवढ्यात गुरुजींशी पावसापाण्याचं बोलतात. आज एकच शब्द त्यांनी दोनदा लावला, दोन पानांवर. मी दाखवला. म्हणाले, "गुरुजींनीच दोनदा सांगितल्यान." असेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अक्षताचा फोन. काका सकाळी दूध आणायला उतरले, ते दुपारी कॉटन ग्रीनला गोदामांच्या रस्त्यावर सापडले. नाव सांगत होते, घर सांगता येत नव्हतं. "अठ्ठावीसला तपासणीला नेलं असतं तर," एवढंच म्हणाली ती, आणि फोन ठेवला.  मी तर त्या शनिवारी काकांना खरं सांगून आले होते.