ग्लेनरोआ बंधाऱ्यावरची दुपार

ग्लेनरोआ,
शनिवार, १० मे २०२५

प्रिय ब्रेंट,

कंपनीच्या शताब्दी ग्रंथातील तुझा लेख मी वाचला. त्यात तू लिहितोस : "३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री आम्ही सारे ग्लेनरोआच्या वीजघरात घड्याळाकडे डोळे लावून बसलो होतो. बारा वाजले, दिवे तसेच राहिले आणि आम्ही पाव्हलोवा केक कापला. वायटूके नावाचा बागुलबुवा तिथेच संपला. बंधाऱ्याच्या दरवाजाला माणसाचा हात लावण्याची वेळ आली नाही." या चार वाक्यांपैकी पहिली दोन खरी आहेत. तिसरे खोटे आहे. चौथेही खोटे आहे, आणि ते तुला ठाऊक आहे. कारण त्या दरवाजाच्या चाकाला लागलेल्या चार हातांपैकी दोन तुझे होते.

चुका केवळ इतिहासात राहिल्या असत्या, तर मी समासात दुरुस्ती करून ग्रंथ मिटला असता. परंतु बंधाऱ्याचा दरवाजा हाताने बंद करायचे हातचाक काढून टाकावे आणि राखणदाराची जागा रद्द करावी, असा अर्ज कंपनीने प्रादेशिक परिषदेकडे केला आहे, आणि त्या अर्जात तुझे चौथे वाक्य तुझ्या नावानिशी उद्धृत केले आहे. सुनावणी येत्या गुरुवारी आहे. बंधाऱ्याखाली जिथे पूर्वी नुसती वाळू आणि गोटे होते, तिथे आता तंबूंचे मैदान झाले आहे. उन्हाळ्यात तिथे मुले पाण्यात असतात.

तू अठ्ठ्याण्णव साली वायटूकेसाठी, म्हणजे २००० साल उजाडताच आमच्या यंत्रांची घड्याळे चुकणार नाहीत ना हे तपासायला, वीजघरात माझ्या हाताखाली आलास, तेव्हा तुझ्या गाडीत संगणकांचे दोन खोके, तुझी लीॲन आणि तुमची चार वर्षांची टेगन होती. कंपनीचे घर रंगवून होईपर्यंत तुम्ही आमच्याच घरी राहिलात. टेगन माझ्या बायकोला, नोलीनला, आजी म्हणू लागली आणि नोलीनने ते कधी दुरुस्त केले नाही. मला मूलबाळ नव्हते. तुला शिकवताना मला जे वाटत असे, त्याला मी तेव्हा नाव दिले नाही आणि आता देण्यात अर्थ नाही. दर तिमाहीला वेलिंग्टनला सरकारकडे पाठवायचा प्रगतीचा अहवाल तू संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत असस आणि मी लाल शाईने तपासत असे. किती यंत्रे मोजली, किती तपासली, किती बदलली, किती चाचणीत उतरली. एकदा तू "जवळजवळ पूर्णपणे सज्ज" असे लिहिलेस. मी विचारले, की हे नेमके किती. तू म्हणालास, की वेलिंग्टनला असेच आवडते. बंधाऱ्याचा राखणदार तामाती शेजारी चहा पीत बसला होता. तो म्हणाला, "मास्तर, माझी बायको पण जवळजवळ पूर्णपणे तयार असते. मी तासभर गाडीत बसून असतो." त्या वेळी आपण तिघेही हसलो होतो.

त्या वर्षी आकडे चढत गेले. मार्चमध्ये निम्म्याहून थोडे अधिक, जूनमध्ये तीन चतुर्थांश, सप्टेंबरमध्ये शंभर टक्के. दरवाजाच्या नियंत्रणयंत्राबद्दल इंग्लंडच्या कारखान्याचे पत्र आले होते, की यंत्र निर्दोष आहे. मी पत्रावर समाधानी नव्हतो, म्हणून आपण हिवाळ्यात पाणी कमी असताना दर्शनी घड्याळ पुढे ढकलून चाचणी घेतली. यंत्र उत्तीर्ण झाले. त्याच्या पोटात आणखी एक घड्याळ आहे, ते ग्रीनिचच्या वेळेवर चालते आणि दर्शनी घड्याळाला जुमानत नाही, हे तुला माहीत नव्हते. मलाही नव्हते. या अज्ञानाचा दोष मी तुला देत नाही, देणारही नाही. मी केवळ एक आग्रह धरला : हातचाकाला ग्रीस लावून ते जागेवर जोडून ठेवायचे. तू कपाळाला हात लावलास, पण ऐकलेस.

मध्यरात्रीचे तुझे वर्णन बरोबर आहे. साऱ्या जगाच्या आधी नवे वर्ष आपल्याकडे येणार म्हणून परदेशी वार्ताहर वेलिंग्टनला ठाण मांडून होते. दिवा मिणमिणला असता तरी बातमी झाली असती. मिणमिणला नाही. तामातीने मुद्दाम एक दिवा मालवला, तेव्हा तू खुर्चीतून उडालास, हे लेखात नाही. ते गाळण्याचा तुला अधिकार आहे. (नवे सहस्रक प्रत्यक्षात २००१ साली सुरू झाले, हे मी त्या रात्रीही सांगितले होते. कोणी ऐकले नाही.) सकाळी तू वेलिंग्टनला कळवलेस : ग्लेनरोआ येथे कोणतीही घटना नाही. तेही त्या क्षणी खरे होते.

दुपारी आपली सारी मंडळी नदीवर जेवायला उतरली. उरलेला पाव्हलोवा, थंड मटण, बटाट्याची कोशिंबीर. तू आणि मी वर बंधाऱ्यावर तात्पुरते लावलेले टेलिफोन काढत होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचा एक वाजतो, तेव्हा ग्रीनिचला मध्यरात्र होते. एक वाजला. यंत्राच्या पोटातले वर्ष नव्व्याण्णवावरून शून्यावर आले. पाणीपातळीची ताजी नोंद त्याला शंभर वर्षे जुनी वाटली. नोंद जुनी असेल तर पूर आला आहे असे समजून दरवाजा उघडावा, अशी त्याची रचना होती. ते रचनेप्रमाणे वागले. मोटर सुरू झाल्याचा आवाज ऐकून तू माझ्याकडे पाहिलेस. तुला वाटले, मी काही केले. मी मोटरची वीज तोडली, परंतु तोवर दरवाजा कमरेइतका वर गेला होता आणि पाणी खाली सुटले होते. आपण चाकाला लागलो. तू बूट काढून ठेवले होतेस; लोखंडी जाळीवर तुझ्या पायांतून रक्त आले, ते तुला नंतर दिसले. तू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतास, "हेक्टर, सोडू नकोस. टेगन खाली आहे."

मी सोडले नाही.

खाली काय झाले ते आपण वरून पाहिले, म्हणजे अर्धेच पाहिले. टेगन मधल्या गोट्यांच्या बेटावर डबकी करत बसली होती. पाणी दोन्ही बाजूंनी आले. लीॲन काठावर ओरडत होती. तिला पोहता येत नव्हते. चौसष्ट वर्षांची नोलीन, जिचा उजवा गुडघा जिना चढताना दगा देत असे, चपलांसकट आत गेली. पाणी तिच्या छातीपर्यंत होते. तिने पोरीला डोक्यावर घेतले आणि तामातीने फेकलेला दोर धरून ती बाहेर आली. आपण चाक फिरवले नसते, तर छातीपर्यंतचे पाणी डोक्यावरून गेले असते. हे गणित मी अनेकदा केले आहे. उत्तर बदलत नाही.

संध्याकाळी तू लोकांना सांगितलेस, की वर डोंगरात बर्फ वितळले असावे. जानेवारीत, आपल्या भर उन्हाळ्यात, बर्फ वितळते, म्हणून लोकांनी ते मानले. मग तू आमच्या अंगणात आलास. सकाळी 'घटना नाही' असे कळवले आहे, मंत्र्यांनी ते आकाशवाणीवर सांगितले आहे, आता एकदम उलट सांगता येत नाही, असे तुझे म्हणणे होते. मला अजून तुझे शब्द आठवतात : "पंधरा दिवस गप्प राहा, हेक्टर. मी सगळं जसं घडलं तसं लिहून पाठवतो. माझ्या पोरीची शपथ." फेब्रुवारीत तू फोन करून म्हणालास, की दुरुस्त अहवाल गेला, स्वीकारला गेला, यंत्र बदलायचे ठरले, परंतु वकिलांच्या सल्ल्याने बाहेर वाच्यता नको. यंत्र खरोखरच बदलले गेले, म्हणून उरलेलेही मी खरे मानले. नियम पाळणारा माणूस म्हणून मी गप्प राहिलो. तू त्या वर्षअखेरीस मुख्य कार्यालयात गेलास.

गप्प राहण्याची किंमत मात्र नोलीनने दिली, कारण ती गावात राहत होती. बर्फाच्या पाण्यात म्हातारी उगाच घाबरली, मजेत खेळणाऱ्या पोरीला तिने ओढून काढले, असे गावात झाले. दुकानात बॅरी वाण्याने रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "काय नोलीन, आज कुणाला वाचवायचं? दुधाच्या बाटल्या तेवढ्या बुडायच्या राहिल्यात." लोक हसले. ती पाव घेऊन घरी आली. मी संतापलो, तुला फोन लावायला उठलो, तर तिने रिसीव्हर माझ्या हातून घेऊन खाली ठेवला. "ब्रेंटने शब्द दिलाय ना? मग पाळेल तो. पोरगा कामात असेल. तू त्याच्या मागे लागू नकोस." ती हे पुढे अकरा वर्षे म्हणत राहिली.

तिच्या अंत्यविधीला तू आलास. सर्वांसमोर बोललास. तिच्या स्कोनबद्दल, चहाबरोबरच्या पावबिस्किटांबद्दल बोललास, ब्रेंट. तिच्या हातच्या स्कोनला सर कशालाच नाही, असे म्हणालास आणि लोकांनी डोळे पुसले. मी पहिल्या रांगेत बसून वाट पाहत होतो. तू खाली उतरून माझा हात दाबलास. मी मनाची समजूत घातली, की वकिलांची अट अजून लागू असेल.

गेल्या महिन्यात तुझा लेख वाचून मी परिषदेच्या कचेरीत गेलो आणि फेब्रुवारी २००० चा दुरुस्त अहवाल मागितला. तिथल्या मुलीने मन लावून शोधले, कंपनीलाही विचारले. असा अहवाल कधी गेलाच नव्हता. त्या दिवसाच्या नोंदीत बर्फच वितळले आहे, आणि खाली तुझी सही आहे. मी तुला व्याकरण शिकवले, यंत्र कसे ऐकावे हे शिकवले. खोटे बोलणे तू स्वतःच शिकलास, आणि त्यासाठी माझे स्वयंपाकघर वापरलेस.

गुरुवारी मी परिषदेपुढे साक्ष देणार आहे. तामाती आता हयात नाही, लीॲन तुझ्याविरुद्ध बोलणार नाही, राहिलो मी. हे पत्र तुला धमकावण्यासाठी नाही, आणि तू तुझे वाक्य मागे घेशील अशा आशेनेही नाही. मी साक्ष देणारच आहे. हे पत्र टेगनसाठी आहे. साक्षीत मला तिचे नाव घ्यावे लागेल, कारण पाण्यात एक मूल होते असे म्हटले, की कोणते मूल असे विचारले जाईल. ती आता तीस-एकतीस वर्षांची असेल. आपण एकदा बुडता बुडता वाचलो, आणि आपल्याला वाचवणाऱ्या बाईला लोक त्याबद्दल आयुष्यभर हसत राहिले, हे तिने एखाद्या वार्ताहराकडून ऐकू नये. ते तिला तिच्या बापाने सांगावे. त्यासाठी तुला चार दिवस मिळावेत, म्हणून मी आज लिहिले आणि पत्र टपालाने न पाठवता माणसाबरोबर पाठवत आहे. नोलीन असती, तर तिने हेच करायला लावले असते.

तुझाच, असे लिहिण्याची सवय अजून सुटलेली नाही,
हेक्टर

ता. क. ग्रंथातील तारखांची दुरुस्ती :

३१ डिसेंबर १९९९, मध्यरात्र. काहीही घडले नाही. तुझा मजकूर कायम.

१ जानेवारी २०००, दुपारी एक. दरवाजा आपोआप उघडला. हाताने बंद करण्यात आला. ग्रंथात ही नोंद नाही.

फेब्रुवारी २०००. दुरुस्त अहवाल पाठवला गेला नाही.

९ जून २०११. नोलीनचे निधन. ग्रंथात २०१२ छापले आहे.

गुरुवार, १५ मे २०२५, सकाळी दहा. सुनावणी.

बुधवार, १४ मे २०२५. तू आणि टेगन. ही एकच तारीख मी पेन्सिलने लिहिली आहे.