अंगणात सोफा ठेवण्याबाबत

व्होल्डा,
११ एप्रिल १९९९

ति. सुनिव्हामावशीस,
तिरिलचा सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला ईस्टर उलटला, म्हणून आधी कान धरते. आईने सांगितलंच असेल की इथे आमची परीक्षा तोंडावर आली आहे. वर्गातल्या निम्म्याच मुलांना पुढे सिनेमा करायला मिळणार, बाकीच्यांनी जूनमध्ये घरी जायचं. आणि पटकथा वगैरे कुणी वाचणार नाही. फक्त सुरुवातीचं दृश्य बघणार.

आमच्या शिक्षिका गुरोबाई म्हणतात की सिनेमाच्या सुरुवातीला प्रेक्षक दारात बूट न काढता उभा असतो, कधीही परत फिरेल. पहिल्या दृश्याने त्याला बूट काढायला लावायचे, बस. मी लिहिलं होतं की गजराचं घड्याळ वाजतं आणि पांघरुणातून हात बाहेर येतो. त्या शांतपणे म्हणाल्या की या वर्षी वर्गात इतकी घड्याळं वाजली, पण मला एकानेही जाग आली नाही.

म्हणून आता नवं. चारी बाजूंनी खिडक्या असलेलं अंगण. मधोमध सोफा, बाजूला दिवा, खोकी, गुंडाळलेला गालिचा. सोफ्यावर एक माणूस. पाऊस. कुणीही येत नाही. बघणाऱ्याने विचारायचं, याला कुणी बाहेर काढलं?

असं अंगण तुझ्याच सोसायटीचं आहे. २४ तारखेच्या शनिवारी मिळेल का? अध्यक्ष हालवार्डकाकांना तू विचार, मी विचारलं तर ते माझ्या वडिलांची चौकशी करत बसतील. नट मिळालाय, ईव्हर नाव, एरवी मासळीच्या दुकानात असतो. शाळा फिल्मचं एकच रीळ देते, तेव्हा जे काय व्हायचं ते एकदाच.

उत्तराची वाट बघतेय, आणि तुझ्या दालचिनीच्या गोड पावांचीही.
तुझी,
तिरिल


बर्गन,
१६ एप्रिल १९९९

चि. तिरिल हिस,
सुनिव्हामावशीचे अ. उ. आशीर्वाद.

परवानगी मिळाली. सोपं नव्हतं. हालवार्डने विषय कार्यकारिणीपुढे ठेवला, ‘अंगणात सोफा ठेवण्याबाबत’ असा. कॉफीचे दोन थर्मास संपले. खजिनदारांचं म्हणणं पडलं की आपल्या अंगणात माणूस एकटा भिजत बसलाय आणि कुणी विचारत नाही, यात सोसायटीची बदनामी आहे. निदान कुणीतरी त्याला छत्री द्यावी. दुसऱ्या एकीने सुचवलं की माणूस एकटा बसू दे, पण तो शेजारच्या सोसायटीतला वाटला पाहिजे. मी म्हटलं की हे चेहऱ्यावरून कळणं कठीण आहे. त्यावर हालवार्ड म्हणाला की त्यांच्याकडचे लोक लगेच कळतात. शेवटी ठरलं की सोफा हिरवळीवर ठेवायचा नाही, बाकी तुमचं तुम्ही बघा. वसंतातलं अंगणसफाईचं श्रमदान त्याच शनिवारी होतं, ते तुझ्यासाठी ८ मेवर ढकललंय. जिन्याखाली तशी सूचना लावली आहे, माझ्याच अक्षरात.

आता दृश्याबद्दल. लिहू की नको, हा विचार दोन दिवस केला. मी नगरपालिकेच्या अभिलेखागारात काम करते, मला सिनेमातलं काय कळतं? तरी काल स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून परकी बाई असल्यासारखं अंगणाकडे बघितलं आणि तुझा तो माणूस मनात बसवून पाहिला. थोड्या वेळाने मी कांदा चिरायला घेतला. मला वाटतं, त्याला काहीतरी हवं असायला हवं, आणि ते त्याला बोलता येऊ नये. नुसता बसलेला माणूस मी ऑफिसात रोज बघते.

हे चुकीचं असेल तर विसरून जा. बरोबर असेल तर तुला आधीच सुचलं असेल. येताना लोकरी मोजे आण. माया नेहमीचीच, त्यात काही टाकायचं राहिलेलं नाही.
मावशी


बर्गन,
२५ एप्रिल १९९९

चि. तिरिल हिस,
मावशीचे मान खाली घालून आशीर्वाद.

काल तू न जेवता बस पकडलीस. रडत होतीस का हे बघायचं धाडस मला झालं नाही. तुला वाटतंय की सगळं हालवार्डने केलं. तसं नाही. तू सायकलींच्या शेडमागे नळी धरून पाऊस पाडत होतीस (बारमाही पावसाच्या बर्गनमध्ये नेमकं कालच ऊन पडावं), म्हणून सुरुवात तुला दिसली नाही. मला खिडकीतून दिसली.

तुझी मुलं खोकी आणि गालिचा अंगणात नेत होती. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बोर्गहिल्डबाईंनी पडदा सारला. शनिवारची सकाळ, अंगणात लोक सामान उचलतायत. त्यांनी एवढाच अर्थ लावला की श्रमदान सुरू झालं आणि आपल्याला उशीर झाला. त्या पानं ओढायचं दाताळं घेऊन धावत खाली आल्या. त्यांना बघून समोरचं जोडपं आलं. मग तळमजला. सूचना सगळ्यांनी वाचली होती, पण प्रत्येकाला वाटलं की तारीख पुन्हा बदलली असणार आणि ती फक्त आपल्याला माहीत नाही. विचारायचं तर हे कबूल करावं लागणार. म्हणून कुणीच विचारलं नाही. ज्याने तारीख बदलली तो हालवार्डसुद्धा हातगाडी घेऊन हजर. संध्याकाळी मी त्याला गाठलं, तर म्हणाला की सगळे दिसले, मला वाटलं माझ्यामागे कार्यकारिणीची बैठक झाली.

ऊन असताना एकाच कोपऱ्यात पाऊस पडतोय, यावर तळमजल्यावरचे गृहस्थ एवढंच म्हणाले की ढग लहान दिसतोय. मग सगळे वर जाऊन रेनकोट घालून आले. ईव्हरशी कुणी एक शब्द बोललं नाही. त्याच्या पायांभोवतीची पानं ओढली, तेव्हा त्याने पाय वर घेतले. बोर्गहिल्डबाईंनी त्याच्या हातात दाताळं दिलं आणि तो उठला. उठणारच. आपल्यापैकी कोण बसून राहिलं असतं? तो उठताच चौघांनी सोफा उचलून कचऱ्याच्या कंटेनरमध्ये टाकला. मग हालवार्डने तुझ्या हातातली नळी घेतली, की एवढं पाणी चाललंच आहे तर जिने धुवून होतील.

आता माझं. संपूर्ण इमारतीत खरं काय ते एकट्या मला माहीत होतं. खिडकी उघडून ओरडायला हवं होतं. कडीवर हात होता. पण सगळे राबतायत आणि मी कॉफीचा कप घेऊन वर उभी, हे मला सोसवेना. तुला सांगायला म्हणून खाली आले, समोर कॅमेरा बघून मागे फिरले. दारात बोर्गहिल्डबाईंनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. पुन्हा आले, पुन्हा फिरले. त्यानंतर आले तेव्हा माझ्याकडेही दाताळं होतं.

तुझं एकुलतं रीळ गेलं. जूनमध्ये तू घरी आलीस तर त्यात माझा वाटा हालवार्डपेक्षा मोठा असेल. गुरोबाईंना सगळं खुलासेवार लिहिलंय, पण पत्र अजून टाकलेलं नाही. टाकू का? रागावली असलीस तरी एक ओळ लिही.
मावशी


व्होल्डा,
९ मे १९९९

ति. मावशीस,
सा. न., आणि ते पत्र टाकू नकोस.

काल रीळ बघितलं. एंद्रेने कॅमेरा थांबवलाच नव्हता. मी त्याला सांगून ठेवलं होतं की काहीही झालं तरी थांबायचं नाही, आणि तो सांगितलेलं ऐकणारा मुलगा आहे. मी मागच्या रांगेत खुर्चीत जमेल तेवढी खाली सरकून बसले. ईव्हरने पाय वर घेतले तेव्हा कुणीतरी हसलं. सोफा गेला तेव्हा सगळेच.

गुरोबाईंनी दिवे लावले आणि एकेकाला विचारलं की तू कुणाकडे बघत होतास. ईव्हरचं नाव एकानेही घेतलं नाही. सगळे म्हणाले, ती हिरव्या रेनकोटमधली बाई. येते, आपल्याकडे बघते, जाते, पुन्हा येते. गुरोबाई म्हणाल्या की त्या चौकटीत तिला एकटीलाच काहीतरी ठाऊक आहे आणि ते तिला बोलता येत नाही. ‘ती शेवटी दाताळं घेऊन आली तेव्हा मी बूट काढले,’ असंही म्हणाल्या.

मी उभी राहिले आणि सांगून टाकलं की ती माझी मावशी आहे आणि हे सगळं चुकून झालं. त्या म्हणाल्या की चुकून मिळालेलंही आपलंच, मात्र पुढचं चुकून मिळत नाही. मला मंजुरी मिळाली. पण अट आहे. त्या म्हणाल्या, ‘पहिल्या दृश्यात तू वचन दिलंस की सिनेमा या बाईचा आहे, ते आता पाळायचं.’ ती बाई नसेल तर माझी जागा श्यूरला. श्यूर म्हणजे गजराच्या घड्याळांपैकी एक.

ईव्हरला वाईट वाटलेलं नाही. तो म्हणाला, मावशींना म्हणावं, दाताळं धरायला मी येईन. मावशी, १७ मेच्या आत मला गुरोबाईंना कळवायचंय. तू हो म्हणशील असं गृहीत धरलेलं नाही. थोडं धरलंय.
तुझी,
तिरिल


बर्गन,
१३ मे १९९९

चि. तिरिल हिस,
मावशीचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. जिन्यातच दोनदा वाचलं.

आधी इथलं. ८ मेला खरं श्रमदान झालं. तोवर सगळ्यांना कळलं होतं की मागच्या वेळी कॅमेरा होता. केस विंचरल्याशिवाय कुणी खाली उतरलं नाही. बोर्गहिल्डबाईंनी ओठ रंगवले होते आणि त्या सारख्या विचारत होत्या की कोणत्या बाजूला तोंड करायचं. पानं तेवढी राहिली.

आता माझं. पहिल्या रात्री नाही म्हणायचं ठरवलं. कारण शोधलं तर सापडलं ते एवढंच की मला लाज वाटते, आणि तेवढ्यासाठी तुला घरी पाठवणं बरं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी हो म्हणायचं ठरवलं. मग शंका आली की हे तुझ्यासाठी की वर्गातली पंचवीस-तीस मुलं माझ्याकडे बघत होती म्हणून? खरं सांगते, दुसरं कारणही आहे. किती आहे ते मला मोजता आलं नाही.

पण अडचण वेगळीच आहे. त्या दिवशी कॅमेरा दिसला, पण तो माझ्याकडेच बघतोय हे मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. तुझं पत्र आल्यापासून मी अंगणातून एरवी चालते तशी चालायचा प्रयत्न करतेय. काल हालवार्डने थांबवून विचारलं की कंबर धरलीय का.

तेव्हा हो, पण माझीही अट आहे. त्या एंद्रेला घेऊन ये, आणि कधी येतेस ते कळवू नकोस. जिन्याखाली सूचना लावायची नाही, हालवार्डला सांगायचं नाही, जेवायला काय करू असं मला विचारायला लावायचं नाही. शेडमागे उभे राहा आणि मी माझ्या कामाने खाली येईन तेव्हा घ्या काय घ्यायचं ते. मी अगदी नेहमीसारखी असेन.

गुरोबाईंना नमस्कार सांग. तुझी जागा श्यूरला जाता कामा नये. जीव लावला आहेस तो तसाच राहू दे.
मावशी

ता. क. हिरवा रेनकोट रोज घालतेय. ऊन असलं तरी.