अंगणातली मोटार

उदगीर, ता. १६ एप्रिल १९८६

ती. दादास,

धाकट्या पारूचा सप्रेम जयभीम. वि.वि. पाकिटावर तू अजून जि. उस्मानाबाद घालून राहिलास. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली, मास्तर. तुझं पत्र आधी तिकडं हिंडून मग इकडं येतं.

मी बरी हाय. हैदराबादेत छातीत हृदयाच्या ठोक्यांचं मशीन बसवल्यापासून चक्कर न्हाई, अंधारी न्हाई. पण ह्या जगण्याचा वीट आलाय. बघायला येणारी बाई चहा पिते आणि म्हणते पदर सार, कुठं ठेवलंय बघू. एकीनं तर कान लावला. दुसरीनं विचारलं, मेल्यावर ते काढून परत घेतात का. मला माझ्याच अंगाची शिसारी येते. अंघोळीला तेवढी जागा सोडून साबण लावते. खांद्याखाली काहीतरी मेलेलं शिवून ठेवल्यावानी वाटतं.

त्याहून वाईट म्हणजे बोअरची मोटार. ह्या दुष्काळात गल्लीत आमच्या अंगणातल्या बोअरलाच पाणी हाय. मोटारीच्या करंटनं माझं मशीन बंद पडेल, असं तुझे मेव्हणे धरून बसलेत. मी घरात असले की मोटार बंद. बायका घागरी मांडून माझ्या निघायची वाट बघतात. मग सासूबाई दारात येऊन म्हणतात, पारू, दूर सर, मोटार लावायची. मी गल्लीच्या टोकाला लिंबाखाली जाऊन बसते. परवाच्या जयंतीला लाउडस्पीकरच्या भीतीनं मिरवणूकसुद्धा बघू दिली न्हाई. शेजारची रत्नम्मा म्हणते, हिच्यापायी गल्ली तहानेनं मरायची.

दादा, पाटलाच्या आडावर आपल्या आईला दूर सर म्हणायचे. आपण दोघं तिच्या मागं रिकामी घागर धरून उभे असायचो. तेच शब्द आपल्याच माणसाच्या तोंडून, स्वतःच्या अंगणात ऐकून राहिले. त्या शब्दाची मला किळस येते. नांदेडच्या डॉक्टरला एवढंच विचार, मोटार लावली तर मी मरते का. मरत असेन तर मला तुझ्याकडं लोह्याला घेऊन जा. मरत नसेन तर तसं लिही.

तुझी
पारू


लोहा, ता. २५ एप्रिल १९८६

चि. पारूस,

अनेक आशीर्वाद. ह्या खेपेला पाकिटावर लातूरच घातलंय, पोस्टमनला विचार.

नांदेडला जाऊन आलो. डॉक्टर आधी हसले, मग तुझ्या घरच्यांवर चिडले. मोटारीला मिठी मारू नको, हातभर लांब राहा, बाकी खुशाल बटण दाब, रेडिओ ऐक, मिरवणुकीत जा, असं म्हणाले. वेल्डिंग चालू असेल तिथं मात्र थांबायचं नाही. हैदराबादलाही हेच सांगितलं असणार. मेव्हणे केरबाराव इतके भ्यालेले होते की त्यांनी फक्त करंट एवढंच ध्यानात ठेवलं.

ते वाईट नाहीत, पारू. तू स्वयंपाकघरात कोसळलीस तेव्हा त्यांनीच तुला उचललं होतं. पण आईचं ते उभं राहणं मीही विसरलेलो नाही. तुझ्या वहिनीनं लगेच खोली झाडून ठेवली. आमच्याकडं टँकर येईल तेव्हा पाणी, पण कुणी दूर सर म्हणणार नाही. पुढच्या रविवारी येतो आणि केरबारावांना, तुझ्या सासूबाईंना समोर बसवून सांगतो. तोवर काही करू नकोस. तुझं डोकं मला ठाऊक आहे.

तुझा
साहेबरावदादा


उदगीर, ता. १ मे १९८६

ती. दादास,

सप्रेम जयभीम. पत्र थेट पोचलं. रविवारी जेवायला ये, समजवायला येऊ नको.

काल बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. सासूबाई दारात आल्या, दूर सर म्हणाल्या. मी उठले. त्यांना वाटलं लिंबाखाली निघाली. मी सरळ मोटारीपाशी गेले, हातभर लांब थांबले आणि बटण दाबलं. तुझे मेव्हणे दाढी करत होते, ते फेसाच्या तोंडानंच धावत आले आणि मधेच थांबले. मला शिवायलाही भ्याले. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघून राहिल्या, ही पडते कधी म्हणून. पाणी आलं तरी कुणी घागर लावेना. एवढ्या दुष्काळात पाणी मातीत चाललं आणि ह्या बघत उभ्या. मी म्हणाले, मी मेले न्हाई, घागरी लावा. पहिली घागर रत्नम्मानं लावली.

सासूबाई उंबऱ्यावर बसून रडायला लागल्या. मी विचारलं, तुम्हीही कुणाच्या तरी आडावर अशाच उभ्या होता, मग तो शब्द तोंडात आला कसा. त्यांची घागर मीच भरून ठेवली. पण त्या शब्दाची किळस गेली न्हाई, दादा, खोटं कशाला सांगू. त्यांच्या हातचा चहा आजही घेतला न्हाई. घेईन कधीतरी.

खोली झाडलेलीच राहू दे म्हणावं वहिनीला. मी सुट्टीत पाव्हणी म्हणून येईन. लोभ हाय तेवढा असू दे, काळजी तेवढी आवरती घे.

एक राहिलं. काल अंघोळीला पहिल्यांदा त्या जागेवर हात ठेवला. काड्यापेटीएवढं हाय, टणक. मला वाटायचं गार लागेल. अंगाइतकंच गरम होतं. मग तिथंही साबण लावला.

तुझी
पारू