स्वतःची वजाबाकी

सोमवार, ३
पहिला दिवस झकास! प्रयोगशाळेत खिडकीजवळचं टेबल मिळालं. इथे रक्तातल्या मारक पेशींवर काम चालतं. स्वभावाने भलत्या संशयी! समोरच्या पेशीवर ‘मी आपल्यातलीच’ ही खूण दिसली तर सोडतात, नाही तर जागीच ठार. एकेका पेशीतली हजारो जनुकं आणि प्रथिनं आम्ही एका दमात वाचतो. रात्री जेवताना हे सांगितलं, तर आमच्या चार वर्षांच्या ठकीने विचारलं, की त्यांना आई ओळखू येते का. नवऱ्याची हसून मुरकुंडी वळली.

बुधवार, ५
इथली रीत अशी, की नव्या माणसाने आधी स्वतःचं रक्त द्यायचं. नळ्या हाताळताना आपला अंश नमुन्यांत शिरतोच. मग संगणक आपल्या रक्तावरून तो ओळखतो आणि वजा करतो. टेक्निशियनबाईंनी दोनदा बजावलं, की वजाबाकी फक्त रुग्णांच्या फायलींवर चालवायची. दहा वर्षं या कामात घालवली, आता मला हे शिकवणार!

शुक्रवार, ७
घाई नडली. वजाबाकी अख्ख्या फोल्डरवर चालवली, त्यात माझीही फाईल होती. माझ्यातून मी वजा, शिल्लक शून्य. हसत हसत बाईंना सांगायला गेले. त्यांनी विचारलं, आपण कोणाकडे आलात? चेष्टा असेल.

सोमवार, १०
फाटकावर अडवलं. ओळखपत्रावरचा फोटो माझा वाटत नाही म्हणे. मागच्या दाराने शिरले, पुन्हा रक्त काढून तपासलं. एकाही पेशीवर खूण नाही. माझ्याच मारक पेशी माझ्यावर तुटून पडल्यात. दंडावर निळे डाग उमटलेत.

मंगळवार, ११
नवऱ्याने दारातूनच विचारलं, कोण हवंय. ठकी मात्र धावत येऊन बिलगली. तो ओशाळून म्हणाला, की लेकरू कोणालाही आई म्हणतं. तिला ओढून आत नेलं.

बुधवार, १२
समोरच्या जिन्यात बसून आहे. खिडकीतून ठकी दिसते. दंडावर निळे डाग, माझ्यासारखेच —
तिच्यात अर्धी मी आहे. अर्धी — देवा, तीही वजा —

गुरुवार, १३
नवरा तिला कडेवर घेऊन बाहेर आला. बाई, ही तुमची का, म्हणून विचारलं. चेहरा ओळखीचा वाटतो, पण आमची नाही, सकाळपासून घरात रडतेय —
मी हो म्हणाले. झडप घालून घेतली. अंग तापलंय.
ती विचारतेय, मी कोण.
तू माझी. तू माझी —
कोण