पोहता येते

सर, तुम्ही माझ्यासाठी एकदा खोटं लिहिलं होतं. तुमच्या लक्षात राहिलं होतं की नाही, कोण जाणे. आठवीत तुम्ही आम्हाला हडपसरहून बसनं शहरातल्या पोहण्याच्या टँकवर नेलंत. एक आडवी फेरी मारायची, मग प्रगतिपुस्तकात शेरा. पोरं धपाधप उड्या मारतायत आणि मी काठाचा गज धरून उभा, दात वाजतायत. पाणी हिरवट, तळ दिसत नाही. एरवी शर्टाचं बटण नसलं तरी मैदानाला पाच फेऱ्या लावणारे तुम्ही, त्या दिवशी शिट्टी तोंडातून काढलीत आणि हळूच म्हणालात, "जा, कपडे घाल." नंतर पुस्तक उघडलं, तर तुमच्या सुबक अक्षरात 'पोहता येते'. वडिलांनी ते वाचून माझ्या पाठीवर थाप मारली.

त्या दोन शब्दांवर मी जवळजवळ पन्नास वर्षं काढली. सहलीला गेलो की मला सर्दी व्हायची. बायकोलाही कधी शंका आली नाही. मग गेल्या मे महिन्यात मुळशीकडच्या एका रिसॉर्टवर गेलो. मुलगा-सून खोलीत सामान लावत होते, सहा वर्षांची नात माझ्या ताब्यात. मी टँकच्या काठावर, ती पाण्यात ट्यूबमधून सटकली आणि खाली गेली. पाणी माझ्या छातीएवढं होतं, मी बुडणं शक्यच नव्हतं. पण पाय हलले नाहीत. मी ओरडलोसुद्धा नाही, सर. शेजारी बसलेल्या एक बाई चपलांसकट पाण्यात शिरल्या आणि त्यांनी तिला वर काढलं. नात खोकली, रडली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आबा, तुम्ही का नाही आलात?" सून धावत आली होती. "बाबांना पोहता येतं ना?" तिनं माझ्या मुलाला विचारलं. मागोमाग आलेला तो नातीला टॉवेलात गुंडाळू लागला.

पुढच्याच सोमवारी वारज्याच्या टँकवर नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई माझ्या सुनेच्या वयाच्या. पहिले चार दिवस मी पायऱ्यांवरच बसून होतो. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "काका, पाणी चार फूट, तुम्ही साडेपाच. अजून काय हवंय?"

"भीती वाटते हो."

"वाटू दे ना. भीतीला घेऊनच उतरा, तिचं वेगळं तिकीट लागत नाही."

"आणि नाहीच उतरलो तर?"

"तर उद्या मी पुन्हा हेच बोलेन."

उतरलो. नाकात पाणी गेलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, वाटलं संपलं सगळं. बाईंनी पाठीखाली हात धरला होता. तो त्यांनी कधी काढला ते मला कळलंच नाही. कळलं तेव्हा मी गटांगळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. शूर झालो म्हणून नव्हे. आदल्या संध्याकाळपासून न जाण्याची कारणं शोधतो, आजही शोधतो. पण घरी बसलो की नातीचा तो प्रश्न ऐकू येतो, आणि त्याची भीती पाण्याहून मोठी आहे.

कधीकधी तुमचा राग येतो. त्या दिवशी माझ्यावर ओरडला असतात, हात धरून खाली उतरवलं असतंत, तर? मग आठवतं, तुम्हालाही आम्ही कधी पाण्यात पाहिलं नाही. कायम बूट, पँट, शिट्टी, आणि काठापासून दोन हात लांब. हे मला आत्ता, या वयात सुचतंय.

चार फुटांत मी आता आडवी फेरी मारतो. नात काठावरून टाळ्या वाजवते. मंगळवारी खोल बाजूला जायचं होतं. मी बाईंना फोन करून सांगितलं, कान दुखतोय. "बरं," त्या म्हणाल्या, "बरा झाला की या. खोल टँक कुठं पळून जात नाही."

घरात हे कुणाला सांगवत नाही. तुम्ही आता नाही आहात, हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहितोय. सर, माझा कान दुखत नाहीये.