सख्खी बहीण असती तरी

६ फेब्रुवारी

आजही नकार! सकाळी अर्ज पाठवला, चहा निवायच्या आत उत्तर — "आपला अर्ज आम्ही बारकाईने वाचला." कधी वाचला? बिझनेसचं मास्टर्स झालं, टोप्या हवेत उडवून झाल्या. आता मे अखेरपर्यंत नोकरी नाही मिळाली तर व्हिसा संपला, गाशा गुंडाळायचा.

आईला सांगितलं, दोन-तीन ठिकाणी बोलणी चाललीत. आमच्या घरात वाईट बातमी फोनवर सांगत नाहीत. आजोबा गेले तेही मला परीक्षा संपल्यावरच कळलं.

१५ फेब्रुवारी

टॉपर भेटला. वर्गात पहिला आलेला, म्हणून नावच ते. गोदामात खोकी लावतो, बोटं सोललीत. म्हणाला, "सप्लाय चेनमध्येच आहे ना मी." हसलो दोघं.

३ मार्च

नोकरी!! आमच्याच कॉलेजात, प्रवेश विभागात. चौकशी केलेल्या आपल्याकडच्या मुलांना मराठीत फोन करायचे, प्रवेशाला तयार करायचं. टीमचं टार्गेट झालं तर माझ्या व्हिसाचं तेच बघणार. साहेबीणबाई मराठीच, आवाज असा की मी मनात तिला साखर म्हणते. "तुझ्यासारखी यशस्वी उदाहरणंच हवीत आम्हाला," म्हणाली. यशस्वी! मी!

घरी एवढंच सांगितलं की मोठ्या ठिकाणी लागले. आई रडली. चिमी — माझी धाकटी बहीण, तिकडे बँकेत नोकरीला — फोनभर नाचली.

११ मार्च

मुलं विचारतात, ताई, शिकल्यावर नोकरी मिळते ना? मी म्हणते, मला मिळाली की! खोटं कुठे आहे?

२० मार्च

एक मुलगी सारखी कां-कूं करत होती. तोंडातून सहज निघून गेलं — "माझी सख्खी बहीण असती ना, तरी तिला हेच सांगितलं असतं." झाली तयार! साखर मागेच उभी होती. संध्याकाळपर्यंत ते वाक्य प्रत्येकाच्या टेबलावर चिकटलं. माझ्या पलीकडे बसतो त्याला बहीणच नाही, पण माझ्याहून छान म्हणतो. गळा दाटतो मेल्याचा.

मला ते आता म्हणवत नाही. म्हणते मात्र.

२ एप्रिल

घरी काहीतरी शिजतंय. बाबांनी विचारलं, तिकडची थंडी सोसते का गं नवीन माणसाला? आईने फोन काढूनच घेतला, हवापाण्याचं बोलत बसली. चिमी फोनवर येत नाही. बँकेत आहे म्हणे. रविवारी?

कुणाला काय झालंय? विचारलं तर आई म्हणते, सगळं छान आहे. मीही तेच म्हणते.

९ एप्रिल

टॉपर परत गेला, कुणाला न सांगता. घरच्यांना वाटतंय सुट्टीवर आलाय.

चिमीला तरी खरं सांगावं का? इथे काय मिळतं, मी दिवसभर काय करते, सगळं. ती ऐकून घेईल. आज फोन हातात घेतला होता. पण नको — समोरासमोर सांगेन.

१७ एप्रिल

नाही सांगितलं.

२४ एप्रिल

टार्गेट झालं! शेवटचा प्रवेश पलीकडच्याने आणला. साखरने टाळ्या वाजवल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "आता तुझ्या व्हिसाची काळजी सोड." कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले.

२४ एप्रिल, संध्याकाळ

चिमीचा फोन. हसू आवरत नव्हतं तिला. बँक सोडलीन्. आज सकाळी प्रवेश पक्का झाला — माझ्याच कॉलेजात. मला चकित करायचं म्हणून सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं.

"मी घाबरतच होते गं ताई. पण तुमच्याकडचा तो दादा इतका मनापासून बोलला! म्हणाला, माझी सख्खी बहीण असती ना, तरी तिला हेच सांगितलं असतं."

मी म्हणाले, छान केलंस.